प्रोजेक्टरचा पॅटर्न दर वेळी वेगळ्या जागी पडतोय, स्कॅन बिघडतायत – मदत हवी

पेणचा_साचेवाला | रविवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितोय, सांभाळून घ्या.

आमचा पेणला गणपतीचा कारखाना आहे, आजोबांपासूनचा. आजोबांनी हाताने घडवलेली शाडूची १४ मॉडेलं अजून माळ्यावर जपून ठेवलीत, त्यावरूनच साचे काढायचे. पण आता दोन-तीन मॉडेलांना तडे गेलेत, एकाची सोंड तर हात लावला तरी हलते, त्यामुळे परत साचा काढायला प्लास्टर ओतायची हिंमत होत नाही. म्हणून ठरवलं की सगळ्यांचं थ्रीडी स्कॅन करून ठेवायचं. विकतचा चांगला स्कॅनर परवडणारा नाही, म्हणून प्रोजेक्टर आणि कॅमेरा वापरून पट्ट्यापट्ट्यांचा स्कॅनर घरीच केला. पायथन आणि ओपनसीव्ही, ग्रे कोडचे पट्टे (काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा असा क्रम की त्यावरून प्रोजेक्टरचा प्रत्येक कॉलम आणि ओळ ओळखता येते), उभे आणि आडवे, प्रत्येकाचा उलटा पॅटर्न धरून ४० आणि एक पूर्ण पांढरा एक पूर्ण काळा, म्हणजे एका बाजूचे ४२ फोटो.

प्रोजेक्टर जुना आहे, एका बंद पडलेल्या क्लासमधून घेतलेला, डीएलपी (बारीक आरशांच्या चिपचा), १०२४ बाय ७६८. त्याला एचडीएमआय नाही, फक्त व्हीजीए. लॅपटॉपला व्हीजीए नाही, म्हणून मध्ये एचडीएमआय टू व्हीजीए कन्व्हर्टर लावलाय. मूर्ती १.२ मीटरवर, कॅमेरा प्रोजेक्टरपासून साधारण ४० सेंमी बाजूला.

आता प्रॉब्लेम. कॅलिब्रेशन केलं (कॅमेरा आणि प्रोजेक्टर एकमेकांच्या तुलनेत नेमके कुठे आहेत याची मोजणी), मॉडेल ठेवलं, स्कॅन केलं, छान आलं. काहीही न हलवता परत स्कॅन केलं तर मूर्तीखालचा लाकडी पाट एक सेंटीमीटर मागे! तिसऱ्यांदा केलं तर तिथेच, चौथ्यांदा परत पहिल्या जागी. पाट हलला नाही, ट्रायपॉड हलला नाही, मी स्वतः दुसऱ्या खोलीतून चालवलं तरी तेच. भिंतीवर बारीक बघितलं तर पूर्ण चित्रच डावीकडे सरकलेलं दिसतं, थोडंसंच.

स्क्रिप्ट चालू केली की आधी डिस्प्ले डुप्लिकेटवरून एक्स्टेंडवर जातो, दोन सेकंद प्रोजेक्टरवर निळा स्क्रीन येतो आणि मग पॅटर्न सुरू होतात, संपले की परत डुप्लिकेट. बाकी विशेष काही नाही. आठ दिवस यातच गेले, कुणी सांगू शकेल का काय बघू?

---

खटपट्या_सांगली | रविवार, रात्री ११:०५

कीस्टोन बघा आधी. बऱ्याच प्रोजेक्टरला ऑटो कीस्टोन असतो, जरा धक्का लागला की तो स्वतःच चित्र वाकवतो. आणि डिजिटल झूमही शून्यावर आहे ना ते बघा.

---

पेणचा_साचेवाला | रविवार, रात्री ११:२०

कीस्टोन ०, ऑटो कीस्टोन या मॉडेलला नाहीच. झूम नाही. आस्पेक्टमध्ये नेटिव्ह ठेवलंय.

---

रात्रपाळी_कोडर | सोमवार, रात्री १२:५०

दोन गोष्टी तपासा. विंडोजमध्ये दुसऱ्या डिस्प्लेचं स्केलिंग १०० टक्के आहे का? लॅपटॉप १२५ वर आणि प्रोजेक्टर १०० वर असेल तर विंडोची जागा मोजताना गडबड होते आणि पॅटर्न थोडा ताणला पण जातो. दुसरं म्हणजे ओपनसीव्हीची फुलस्क्रीन विंडो, तिच्यात वर आणि डावीकडे एक पिक्सेलची पांढरी रेघ राहण्याचा प्रकार विंडोजवर मी स्वतः पाहिलाय. एक पिक्सेल म्हणजे फार नाही पण तुमच्या कामात चालणार नाही.

आणि कॅमेरा कुठला? वेबकॅम असेल तर त्याच्या बफरमध्ये जुन्या फ्रेम अडकतात, तुम्ही नववा पॅटर्न दाखवता आणि फोटो आठव्याचा येतो. तेही बाहेरून 'सरकल्यासारखं'च दिसतं.

---

पेणचा_साचेवाला | सोमवार, सकाळी ७:३५

कॅमेरा डीएसएलआर, प्रत्येक पॅटर्ननंतर अर्धा सेकंद थांबून मग क्लिक, फोटो सगळे एकेक करून पाहिले, क्रम बरोबर आहे. स्केलिंग मात्र खरंच १२५ होतं, १०० केलं. पांढरी रेघही होती!! पायगेमच्या फुलस्क्रीनवर गेलो, रेघ गेली. धन्यवाद. पण पाट अजूनही सरकतोय, कधी सरकतो कधी नाही.

---

नेत्रपटल | सोमवार, दुपारी ३:१५

मी याच विषयात काम करते, सध्या जर्मनीत आहे. धागा वाचून राहवलं नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

सगळ्यात आधी हे ठरवा की शिफ्ट कुठल्या जातीचा आहे, कारण 'चित्र सरकतंय' या एका वाक्यात तीन वेगळे आजार असतात आणि तिन्हींची औषधं वेगळी.

पहिला, शिफ्ट कायम तेवढाच. म्हणजे कधीही चालू करा, चित्र ६ पिक्सेल डावीकडे. याने स्कॅन अजिबात बिघडत नाही! प्रोजेक्टर म्हणजे उलटा कॅमेरा समजा. कॅलिब्रेशनमध्ये आपण त्याचा मध्यबिंदू शोधतोच, कायमचा शिफ्ट तिथेच जिरून जातो. त्याच्यामागे लागू नका.

दुसरा, एकाच स्कॅनमधले पॅटर्न एकमेकांच्या तुलनेत सरकलेले. हा सगळ्यात वाईट. ग्रे कोडचा सगळ्यात बारीक पट्टा २ पिक्सेल रुंद असतो, तेव्हा मध्येच एक फोटो ५-६ पिक्सेलने सरकला तर कोड चुकीचा वाचला जाणार आणि पृष्ठभागावर काटे आल्यासारखे ठिपके उडणार. तुमचा पाट सपाटच येतोय, फक्त जागा बदलतोय, म्हणजे हा आजार तुम्हाला नाही असं मला वाटतं.

तिसरा, एका रनमध्ये सगळं जागेवर, पण दोन रनमध्ये फरक. कॅलिब्रेशन एका जागी झालं आणि स्कॅन दुसऱ्या जागी. तुमचा हाच दिसतोय. आकडे लावून बघा: १.२ मीटर अंतर, ४० सेंमी बेसलाइन (कॅमेरा-प्रोजेक्टरमधलं अंतर), आणि अशा प्रोजेक्टरचा थ्रो रेशो (पडद्यापर्यंतचं अंतर भागिले चित्राची रुंदी) साधारण १.९ धरला तर फोकल लांबी १९५० पिक्सेलच्या आसपास येते. अंतराचा वर्ग भागिले (बेसलाइन गुणिले फोकल), म्हणजे एका पिक्सेलच्या शिफ्टला खोलीत जवळजवळ १.८५ मिमी फरक. तुमचा पाट एक सेंटीमीटर सरकतो म्हणजे चित्र ५-६ पिक्सेल सरकतंय.

आता एक पॅटर्न बनवा: काळ्यावर अगदी कडेने एक पिक्सेलची पांढरी चौकट, मध्ये फुली, आणि चारही कडांना दर ५ पिक्सेलवर छोट्या खुणा. भिंतीवर कागद चिकटवा, फुलीवर पेन्सिलने खूण करा. दहा वेळा स्क्रिप्ट बंद-चालू करा आणि दर वेळी बघा फुली कुठे पडते आणि चौकटीच्या चारही बाजू दिसतात का.

---

साधा_माणूस_७७ | सोमवार, संध्याकाळी ६:००

एवढं कशाला, शिफ्ट ६ पिक्सेल आहे तर कोडमध्ये ६ वजा करा की. काम झालं.

---

नेत्रपटल | सोमवार, संध्याकाळी ६:४०

@साधा_माणूस_७७, दर वेळी ६ च असता तर तो कॅलिब्रेशनमध्येच गेला असता, वजा करायची गरजच नव्हती. इथे कधी आहे कधी नाही. कुठल्या रनला किती वजा करायचं हे ठरवायला आधी शिफ्ट मोजावाच लागणार, आणि शिवाय अ‍ॅनालॉग सिग्नलमध्ये तो पूर्ण पिक्सेलच असेल असंही नाही, साडेपाच असू शकतो. आजोबांच्या हातचं काम कायमचं जपून ठेवायचंय, त्यात अंदाजाचा आकडा घालू नये असं मला मनापासून वाटतं. कुठे सरकतंय ते सापडलंच पाहिजे.

---

पेणचा_साचेवाला | मंगळवार, रात्री ९:१०

ताई, सांगितलं तसं केलं आणि डोकं अजूनच फिरलं. चौकटीचा पॅटर्न दहा वेळा लावला, दहाही वेळा फुली बरोब्बर पेन्सिलच्या खुणेवर, चौकट चारही बाजूंनी पूर्ण. लगेच ग्रे कोडची स्क्रिप्ट लावली, पाट परत मागे. परत चौकट, सगळं ठीक!! म्हणजे प्रोजेक्टर तपासायला घेतला की बरा आणि कामाला लावला की आजारी. प्रोजेक्टर दोन्ही वेळी तोच, वायर तीच.

---

पडदा_नाशिक | मंगळवार, रात्री १०:०२

मी २२ वर्षं प्रोजेक्टर बसवतोय, शाळा, हॉल, लग्नं सगळं केलं. भाऊ, तुझं उत्तर तुझ्या पहिल्याच पोस्टमध्ये आहे, निळा स्क्रीन दोन सेकंद येतो ते.

निळा स्क्रीन म्हणजे सिग्नल तुटला आणि प्रोजेक्टर नव्याने शोधतोय. आता व्हीजीएचं दुखणं समजून घे. एचडीएमआयमध्ये चित्र कुठे सुरू होतं कुठे संपतं याची खूण सिग्नलमध्येच असते. व्हीजीएमध्ये तशी काही खूण नाही, फक्त आडवा सिंक आणि उभा सिंक. १०२४ बाय ७६८ ला ६० हर्ट्झवर एका ओळीत खरं तर १३४४ ठोके असतात, १०२४ चित्राचे आणि बाकी ३२० रिकामे: २४ पुढे, १३६ सिंकचे, १६० मागे. हे १६० नक्की कुठे संपले आणि चित्र कुठे सुरू झालं हे प्रोजेक्टरला स्वतः ठरवावं लागतं. त्यासाठी ऑटो सेटअप असतो, कुठे ऑटो सिंक म्हणतात. तो करतो काय, तर प्रत्येक ओळीत पहिला उजेडाचा ठिपका कुठे आला ते बघतो आणि तीच चित्राची डावी कड समजतो.

कड काळी असेल तर तो काय बघणार? एक तर आत कुठेतरी दिसलेला उजेड कड म्हणून धरतो आणि त्याच्या हद्दीत बसेल तेवढं चित्र डावीकडे ओढतो, नाहीतर काहीच नाही दिसलं तर आधीचीच जागा ठेवतो. म्हणून कधी सरकतं कधी नाही. तुझी चौकट म्हणजे त्याला हवी तशीच पांढरी कड, ती लावली की तो दर वेळी बरोबरच बसणार. चाचणी चुकीची नव्हती, चाचणीच त्याला बरं करत होती.

हॉलमध्ये पण हेच व्हायचं, काळ्या बॅकग्राउंडची स्लाइड चालू असताना वायर लावली की चित्र बाजूला. आम्ही पांढरा डेस्कटॉप लावून मग ऑटोचं बटण दाबायचो.

---

नेत्रपटल | मंगळवार, रात्री १०:४५

काका, हे किती नेमकं सांगितलंत! आणि ग्रे कोडला हे सगळ्यात जास्त बाधणार, कारण कोडची मोजणी शून्यापासून सुरू होते. शून्याव्या कॉलमचा कोड सगळा शून्य, म्हणजे उभ्या पट्ट्यांच्या प्रत्येक सरळ पॅटर्नची डावी कड काळीच असते. पहिल्या पॅटर्नमध्ये तर डावीकडचे ५१२ कॉलम पूर्ण काळे. फक्त उलट्या पॅटर्नमध्ये ती कड पांढरी. (फ्रँक ग्रे यांनी बेल लॅबमध्ये हा कोड काढला, पेटंट १९५३ चं, तेव्हा शेजारच्या दोन आकड्यांत एकाच बिटाचा फरक असावा एवढाच हेतू होता. तोच गुण आपल्याला उपयोगी पडतो, पण डाव्या कडेचा काळोखही त्याच्याबरोबर येतो.)

@पेणचा_साचेवाला, तुमचा पहिला पॅटर्न कुठला असतो?

---

पेणचा_साचेवाला | मंगळवार, रात्री ११:१५

पूर्ण काळा! मग तो अर्धा काळा अर्धा पांढरा. आणि माझ्या थांबण्याच्या वेळेप्रमाणे निळा स्क्रीन जातो तेव्हा कधी काळ्यावर असतो, कधी पुढच्यावर. आता खरंच अंगावर काटा आला.

उद्या हे करून बघतो: स्क्रिप्टमधून डिस्प्ले बदलणं काढून टाकतो, सकाळीच एक्स्टेंड करून ठेवायचं आणि दिवसभर हात लावायचा नाही.

---

पडदा_नाशिक | मंगळवार, रात्री ११:२५

बरोबर. आणि क्रम असा ठेव: आधी पूर्ण पांढरा स्क्रीन लाव, ऑटोचं बटण एकदाच दाब, मग मेनूत जाऊन ऑटो बंद कर. एच पोझिशन, व्ही पोझिशन, ट्रॅकिंग (एका ओळीत किती ठोके मोजायचे), फेज (प्रत्येक ठोका नेमका कधी वाचायचा) हे चार आकडे वहीत लिहून ठेव. दुसऱ्या दिवशी ते चार आकडे तेच आहेत ना बघूनच काम सुरू कर. ट्रॅकिंग एकाने जरी चुकलं तरी चित्र डावीकडे जागेवर आणि उजवीकडे सरकलेलं दिसतं, ते अजून फसवं. एक-एक पिक्सेलच्या काळ्या-पांढऱ्या उभ्या रेघा लावून बघ, कुठेही करडा पट्टा दिसला तर ट्रॅकिंग किंवा फेज चुकलंय.

---

गॅझेटप्रेमी | बुधवार, सकाळी १०:३०

सरळ फोर-के डीएलपी घ्या ना, आता स्वस्त झालेत. एचडीएमआयपण मिळेल आणि पिक्सेलपण भरपूर.

---

नेत्रपटल | बुधवार, दुपारी २:२०

घेण्याआधी थांबा. बऱ्याच फोर-के डीएलपी प्रोजेक्टरमध्ये चिपवर आरसे तेवढे नसतातच. ०.४७ इंची चिपवर १९२० बाय १०८० आरसे असतात आणि पुढची एक काच वेगाने तिरकी होऊन तेच चित्र चार जागी थोडं थोडं सरकवून दाखवते, डोळ्याला ते एकत्र दिसतं. म्हणजे शिफ्ट तिथे मुद्दाम केलेला असतो! पिक्सेलवर पिक्सेल नेमका बसायला हवा असतो अशा आपल्या कामाला हे बंद करता येत नसेल तर जुना १०२४ वालाच बरा. एचडीएमआय असलेला साधा प्रोजेक्टर मिळाला तर घ्या, पण सिग्नल त्याच्या नेटिव्ह रिझोल्यूशनचाच द्या, नाहीतर आतला स्केलर पट्ट्यांच्या कडा पुसट करतो.

---

पेणचा_साचेवाला | गुरुवार, रात्री १०:३०

काका, ताई, झालं!!

ऑटो बंद, चार आकडे वहीत, डिस्प्लेला हात नाही. नव्याने कॅलिब्रेशन केलं आणि दहा वेळा स्कॅन. आधीसारखी एक सेंटीमीटरची उडी एकदाही नाही. आई बघायला आली होती, तिला भिंतीवरची फुली दाखवली, पेन्सिलच्या खुणेवरून हलत नाहीये.

आता एक छोटी शंका. फुली उडी मारत नाही पण हळूहळू सरकते. चालू केल्यापासून अर्ध्या तासात साधारण पाऊण पिक्सेल वर गेली आणि मग थांबली. हे पण व्हीजीएचंच का?

---

नेत्रपटल | गुरुवार, रात्री ११:१०

नाही, हे उष्णतेचं. दिव्याने आतला सांगाडा, लेन्सचा माउंट सगळं तापतं, किंचित फुलतं, चित्र सरकतं. तापमान स्थिरावलं की थांबतं. चालू करून किमान अर्धा तास पांढरा स्क्रीन ठेवा, मगच कॅलिब्रेशन आणि स्कॅन, दोन्ही तापलेल्या अवस्थेतच. मध्ये प्रोजेक्टर बंद करू नका, स्लीप आणि दिव्याचा इको मोड काढून टाका.

प्रोजेक्टर कशावर ठेवलाय?

---

पेणचा_साचेवाला | शुक्रवार, सकाळी ७:५०

प्लास्टिकच्या स्टुलावर होता. पंख्याची थरथर हाताला जाणवत होती. काल रात्रीच विटांवर शहाबादी फरशी ठेवून त्यावर हलवला, आता थरथर नाही.

---

रात्रपाळी_कोडर | शुक्रवार, दुपारी १:००

एक्सपोजर किती ठेवलाय? डीएलपीत रंगांचं चक्र फिरत असतं, शटर फार वेगवान ठेवला तर फोटोत पट्ट्यांना लाल-हिरव्या छटा येतात. १/२० सेकंद ठेवून बघा, प्रोजेक्टरच्या ६० हर्ट्झच्या बरोब्बर ३ फ्रेम होतात आणि आपल्याकडच्या ५० हर्ट्झच्या ट्यूबलाइटचे ५ लुकलुकाटही पूर्ण बसतात. ट्यूब बंद केलेली उत्तमच.

---

पेणचा_साचेवाला | रविवार, रात्री ९:४५

१/२० वर आणलं, कारखान्याचं शटर ओढून रात्रीच काम करतोय. आज पहिलं मॉडेल पूर्ण झालं, आठ बाजूंनी, तेच हलत्या सोंडेचं. आठही बाजू जुळवल्या तर पाटाची पातळी सगळीकडे अर्ध्या मिलिमीटरच्या आत. कोरडा शाडू असल्यामुळे चमक नाही, पट्टे फार स्वच्छ पडतात. ज्या दोन मॉडेलांना मागे कधीतरी रंग लावला होता त्यांच्यावर मात्र मुकुटाजवळ चकाकी येते, त्यांचं शेवटी बघतो.

डोळ्यांच्या कडा अजून हव्या तेवढ्या बारीक येत नाहीत, एक पिक्सेल मूर्तीवर ०.६ मिमीचा पडतोय आणि आजोबांच्या पापणीची धार त्याच्यापेक्षा बारीक आहे. प्रोजेक्टर जवळ आणावा तर १.१ मीटरच्या आत फोकस होत नाही. ताई, तुम्ही फेज शिफ्टचं म्हणाल असं वाटतंय.

---

नेत्रपटल | रविवार, रात्री १०:२०

हो, तेच म्हणणार होते. ग्रे कोडवर साइन पट्टे (काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत हळूहळू बदलणारे, थोडे थोडे सरकवून दाखवायचे) जोडा, पिक्सेलच्या आतलं मोजता येईल. पण त्याआधी प्रोजेक्टरचा गॅमा (दिलेला आकडा आणि प्रत्यक्ष पडणारा उजेड यांचं नातं) मोजावा लागेल, नाहीतर सपाट पाटावर लाटा उठलेल्या दिसतील आणि तुम्हाला वाटेल परत चित्र सरकलं. पूर्ण काळ्यापासून पूर्ण पांढऱ्यापर्यंत १७ करड्या पायऱ्यांचे फोटो काढून ठेवा, कॅमेऱ्याचं सगळं मॅन्युअल, फोटो रॉ मध्ये. ते आले की पुढचं सांगते.

---

पेणचा_साचेवाला | रविवार, रात्री १०:३५

प्रोजेक्टर तापलेलाच आहे, आत्ताच काढतो.